धुरकं चालतं, मग ‘स्वच्छथॉन’ का खुपतो?

प्रश्न : मी मुलुंडला राहतो, बँकेतून निवृत्त झालोय. मुलगा आणि सून ‘वर्केशन’ला, म्हणजे काम आणि सुट्टी एकत्र करायला, अलिबागला गेलेत. नात भूक लागून चिडचिडली की ‘मी हँग्री झालेय’ म्हणते. आता सोसायटीतल्या तरुण मंडळींनी येत्या रविवारी ‘स्वच्छथॉन’, म्हणजे सगळ्यांनी मिळून सोसायटी झाडून काढायचा कार्यक्रम, ठरवलाय आणि त्याची मराठी नोटीस लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. असले अर्धेमुर्धे शब्द ऐकले की डोक्यात तिडीक जाते. मी म्हातारा झालोय, की भाषा खरंच बिघडतेय? आणि मराठीत असे दोन शब्दांचे मिळून एक शब्द होतच नाहीत का?

उत्तर : नोटिशीचं शेवटी बघू, आधी तिडिकेचं बोलतो.

बत्तीस वर्षं मी मुंबईतल्या मराठी वर्तमानपत्रांच्या डेस्कवर काढली. सुरुवात मुद्रितशोधक म्हणून, नंतर उपसंपादक. आता घरी बसून जाहिराती आणि मोबाइल अ‍ॅपचा मजकूर मराठीत करून देतो. म्हणजे पूर्वी असले शब्द कापायचा पगार मिळायचा, आता ते लिहायचे पैसे मिळतात. तिडीक मलाही जाते. ‘मॉमप्रेन्युअर’ (म्हणजे उद्योग करणारी आई) हा शब्द पहिल्यांदा कामात आला तेव्हा मी लॅपटॉप मिटून चहा टाकायला उठलो होतो.

पण आत्ताच मी ‘पगार’ म्हणालो आणि तुम्ही बिनतक्रार वाचून पुढे आलात. पगार हा पोर्तुगीजांकडून आलेला शब्द. त्याला ‘दार’ हे फारसी शेपूट लावून आपण ‘पगारदार’ केला. बँकेत तुम्ही जन्मभर ‘पगारदार खातेदार’ लिहिलं असेल. अर्धा पोर्तुगीज आणि अर्धा फारसी असा हा प्राणी मराठी कागदावर इतका निवांत बसलाय की त्याच्या जातकुळीची कुणी चौकशीही करत नाही. ‘गैरसमज’ घ्या. गैर अरबीतून फारसीमार्गे आलेलं आणि समज आपली. ‘बेभान’मधलं बे फारसी, भान संस्कृत. ‘कागदपत्रं’ आणि ‘धनदौलत’ यांत तर एकच अर्थ दोन भाषांतून दोनदा सांगितलाय. बहुधा दोन्ही बाजूंच्या माणसांना कळावं म्हणून कधीतरी शेजारीशेजारी ठेवले असतील, ते तसेच चिकटले. आणि मुंबईचा वडापाव? पाव पोर्तुगीज, आतला बटाटाही पोर्तुगीज, फक्त वडा आपला. गाडीवर उभं राहून खाताना कुणाच्या डोक्यात तिडीक गेल्याचं मी पाहिलेलं नाही. फार तर ठसका लागतो.

या शब्दांचे तुकडेही बाहेरचेच आहेत, तरी ते खुपत नाहीत आणि ‘स्वच्छथॉन’ खुपतो. म्हणजे राग परकेपणाचा नाही. तो येतो शिवण दिसते म्हणून. शिंप्याने सदऱ्याला हात लावलाय हे कळू नये, इतका साफ जोड असला की आपण त्याला कापड समजतो. दोरे लोंबत असले की हात आपोआप तिकडे जातो. शिवण जुनी झाली की बसते, हेही खरं. फक्त नुसत्या वयाने बसत नाही. पुढे सांगतो.

शिवण उसवायचे प्रयत्न आपल्याकडे फार जुने आहेत, त्यामुळे तुम्ही चांगल्या संगतीत आहात. शिवकाळात रघुनाथ नारायण हणमंते यांच्याकडून ‘राज्यव्यवहारकोश’ करून घेतला गेला तो याचसाठी. दरबारातले फारसी शब्द काढून संस्कृत वळणाचे बसवायचे. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबीराचा सुमंत आणि सरनौबताचा सेनापती. पेशवा मात्र सगळ्यांना पुरून उरला. पुढे सावरकरांच्या भाषाशुद्धीने महापौर, दिनांक, हुतात्मा असे शब्द रूढ केले. आज मुंबईच्या महापौराला ‘मेयर’ म्हणणारा मराठी माणूस शोधावा लागेल. कवी माधव ज्यूलियन यांचं तर मला कायम नवल वाटतं. १९२५ मध्ये त्यांनी ‘फारशी-मराठी कोश’ सिद्ध केला आणि पुढे तेच भाषाशुद्धीच्या बाजूने उभे राहिले. घरात किती पाहुणे आहेत ते मोजून झाल्यावर यजमानाला घाम फुटावा, तसं काहीसं.

तुमचा तिसरा प्रश्न मला जास्त आवडला. मराठीत असे शब्द होत नाहीत का? होतात. एक तर इतका सुबक आहे की इंग्रजीतल्या शब्दाच्या शेजारी ठेवून बघावा.

शब्द कापून जोडायच्या या कलेला इंग्रजीत नाव मिळालं ते लेखक लुइस कॅरलमुळे. १८७१ च्या त्याच्या पुस्तकातलं एक अंडं अ‍ॅलिस नावाच्या मुलीला समजावून सांगतं, की काही शब्द दोन कप्प्यांच्या प्रवासी पेटीसारखे असतात, एका शब्दात दोन अर्थ भरलेले. त्या पेटीचं ‘पोर्टमँटो’ हे इंग्रजी नावच पुढे असल्या शब्दांना पडलं. सकाळची न्याहारी आणि दुपारचं जेवण एकत्र करणारा ‘ब्रंच’ १८९५ चा. मोटर आणि हॉटेल मिळून ‘मोटेल’ १९२५ चं, कॅलिफोर्नियातलं. आणि धूर आणि धुकं मिळून ‘स्मॉग’ लंडनमध्ये १९०५ च्या सुमाराला चालू झाला. तिथल्या कोळशाच्या धुराला हे नाव हवंच होतं.

मराठीने या स्मॉगला काय केलं? धूर घेतला, धुकं घेतलं आणि ‘धुरकं’ केलं. डिसेंबर-जानेवारीत सकाळी वांद्र्याहून समुद्राकडे बघितलं आणि सागरी सेतूचे खांब अर्धेच दिसले, की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ‘मुंबईवर धुरक्याची चादर’ असतं. (चादर नको होती, पण डेस्कला चादर फार आवडते.) शब्द मात्र बघा. दोन्ही शब्दांची सुरुवात ‘ध’ची, त्यामुळे जोड कुठे आहे ते कानाला कळतच नाही. पुढचं ‘र’ धुराचं, शेवटचं ‘कं’ धुक्याचं. ऐकणाऱ्याला दोन्ही शब्द पूर्ण ऐकू आल्याचा भास होतो. ‘धुरक्यात’, ‘धुरक्याने’, ‘धुरक्यामुळे’ असं पाहिजे तसं वाकवा, वाकतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही अर्थ विचारावा लागत नाही. कुणी घडवला याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही आणि कुणी घडवला असं तो सांगतही नाही.

आता याच्या शेजारी ‘स्वच्छथॉन’ ठेवा. मॅरेथॉन हे ग्रीसमधल्या गावाचं नाव. त्याची शेपटी तोडून घेतली आणि ‘थॉन’ म्हणजे ‘बराच वेळ चालणारा सामुदायिक उपक्रम’ असा अर्थ तिच्या माथी मारला. वॉकेथॉन, हॅकेथॉन आणि आता तुमचा स्वच्छथॉन. असली चुकीची कापाकापी इंग्रजीत भरपूर आहे. हॅम्बुर्ग शहरावरून हॅम्बर्गर आला, लोकांनी तो हॅम आणि बर्गर असा कापला आणि नुसता बर्गर मोकळा सुटला. हेलिकॉप्टर मुळात हेलिको आणि प्टर, म्हणजे मळसूत्र आणि पंख. कापला गेला हेलि आणि कॉप्टर असा, त्यातून आपल्या गावोगावी निवडणुकीत हेलिपॅड. ‘वर्कोहोलिक’ची गंमत आणखी वेगळी. अल्कोहोल अरबी ‘अल-कुहल’वरून आलेला, आणि कुहल म्हणजे डोळ्यांत घालायचा सुरमा. कामात बुडालेल्या माणसाच्या डोळ्यांखाली जे काळं दिसतं, त्याचा यात योगायोगाने उल्लेख आलाय म्हणायचा.

हे आपण करत नाही असं समजू नका. रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद किंवा उशिरा. मुंबईबाहेरच्या माणसाला या शब्दाचा धसका कळणार नाही. त्यातलं ‘मेगा’ मुंबईच्या डेस्कने तोडून घेतलं आणि ‘प्रवाशांचे मेगाहाल’ असा मथळा केला. पहिल्यांदा वाचून मी हसलो होतो. तिसऱ्या रविवारी नाही हसलो. मग ‘मेगाभरती’ आली, ती आता सरकारी नोकरीच्या कुठल्याही बातमीत असते. मेगाब्लॉकच्या दिवशी ठाण्याच्या पुलावर उभ्या असलेल्या माणसाला ‘मेगा’ ग्रीक आहे हे सांगून बघा, काय ऐकायला मिळतं ते.

मराठीचा खरा कारखाना मात्र वेगळा आहे. आपण शब्द सहसा मधून कापत नाही. शेपूट उचलतो आणि हव्या त्या शब्दाला लावतो. ‘बाजी’ फारसी. तिच्यापासून शेरेबाजी, घोषणाबाजी झाली आणि मग कुणाच्या लक्षात यायच्या आत बॅनरबाजी, पोस्टरबाजी, स्टंटबाजी. ‘गिरी’ही फारसी. तिच्यापासून दादागिरी, भाईगिरी, चमचेगिरी, निम्मी मुंबई त्यात आली. ‘बॅनरबाजी’ हा शब्द अर्धा इंग्रजी अर्धा फारसी आहे आणि शंभर टक्के मराठी आहे, कारण इंग्रजाला तो कळणार नाही आणि इराण्यालाही नाही.

‘बंदी’ची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण ती मी समोर घडताना पाहिली. ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र. आठ वाजता घोषणा झाली. पहिलं पान जवळजवळ लागलेलं होतं, ते सगळं काढलं. त्या रात्री मथळा साधा होता, नोटा रद्द झाल्याचा. खरी पंचाईत पुढच्या आठवड्यात. या सगळ्या प्रकाराला एका शब्दात म्हणायचं काय? सरकारी मराठीत ‘निश्चलनीकरण’ होतं. आमच्याकडे दोन कॉलमी मथळ्यात तो शब्द एकटाच मावायचा, क्रियापदाला जागा उरायची नाही. एका सहकाऱ्याने ‘विमुद्रीकरण’ सुचवलं, तर मुद्रणवाले विचारायला आले की छपाई थांबवायची का. मग बातमीदारांच्या कॉपीत, रांगांमधल्या माणसांच्या तोंडी एक शब्द यायला लागला, नोटाबंदी. आम्ही तो दोन दिवस अवतरणचिन्हांत छापला. तिसऱ्या दिवशी चिन्हं काढली.

या शब्दाची शिवण बघा. ‘नोट’ इंग्रजी. पण शब्द ‘नोटबंदी’ झाला नाही, तो हिंदीत झाला. मराठीत ‘नोटाबंदी’ झाला, म्हणजे जोडाच्या आत शिरतानाही नोटेने मराठी अनेकवचन घेतलं. बंदी फारसी वळणाची, पण दारूबंदी, जमावबंदी, संचारबंदी असं तिचं भरलेलं कुटुंब आधीच इथे होतं. नवीन सून आली आणि स्वयंपाकघरातले डबे तिला न विचारता सापडले. कुठल्याही समितीने हा शब्द मंजूर केलेला नव्हता आणि कुणाच्या डोक्यातही गेला नाही. निर्णय गेला असेल, शब्द नाही.

२०२० मध्ये उलटं झालं. लॉकडाऊनला आम्ही ‘टाळेबंदी’ छापत राहिलो. शब्द चांगला, घडणही मराठी. पण लालबाग-परळमध्ये टाळेबंदी म्हणजे मालकाने गिरणीच्या दाराला लावलेलं कुलूप. १९८२ चा संप ज्यांनी घरात भोगलाय, त्यांच्या कानाला त्या शब्दात भोंगा न वाजलेली सकाळ ऐकू येते. लोक बोलताना लॉकडाऊनच म्हणाले आणि आम्ही छापताना टाळेबंदी. दोन वर्षं ही फुगडी चालली. शिवाय ‘ताळेबंद’ आणि ‘टाळेबंद’ यांत कीबोर्डवर एका कळीचं अंतर. एका कंपनीच्या टाळेबंदात नफा वाढल्याची बातमी माझ्या हातून छापली गेली आहे.

कापाकापी आपण करतो ती आद्याक्षरांची. शेतकरी कामगार पक्षाचा शेकाप, तसाच मनसे, मनपा, मविआ. इंग्रजीत आद्याक्षरं बहुधा सुटी सुटी वाचावी लागतात. आपल्या प्रत्येक अक्षराच्या पोटात स्वर असतो, त्यामुळे तीन अक्षरं शेजारी ठेवली की उच्चारता येणारा शब्द तयार. मुंबईच्या पानावर रोज असणारा ‘झोपु’ असाच, झोपडपट्टी पुनर्वसनाचा. ‘झोपु योजना रखडली’ हे एवढ्या कमी जागेत जितकं सांगतं तितकं सविस्तर बातमीही सांगत नाही.

मग मुद्दाम घडवलेले कापीव शब्द मराठीत का आपटतात? एक प्रसंग सांगतो. दोन वर्षांपूर्वी पाडव्याच्या तोंडावर एका सराफाच्या जाहिरातीचं काम आलं. लोअर परळला, गिरणीच्या जागेवर झालेल्या काचेच्या इमारतीत बैठक. (त्या भागाला हल्ली काही बिल्डर ‘अप्पर वरळी’ म्हणतात. खालचं परळ एका रात्रीत वरची वरळी झालं. हा जोडशब्द नाही, पण तिडीक त्याच नसेतली.) एजन्सीतल्या मुलीने पडद्यावर मोठ्या सोनेरी अक्षरांत शब्द दाखवला : पाडवॉफर. पाडवा अधिक ऑफर. टाळ्या पडल्या. मला मत विचारलं. मी म्हटलं, माझं राहू दे, यांना विचारू. चहा घेऊन आलेल्या मामांना म्हटलं, जरा वाचा हो. त्यांनी ट्रे खाली ठेवला, डोळे बारीक केले आणि वाचलं, ‘पाडवा फार…’ मग आमच्याकडे वळून विचारलं, ‘फार काय, साहेब?’

मामा चुकले नव्हते. कानाला आधी ‘पाडवा’ पूर्ण मिळतो आणि मग उरतो ‘फर’. ते ऑफरचं आहे हे कळायला कुणीतरी आधी सांगून ठेवावं लागतं. धुरक्यात दोन्ही शब्द एकमेकांत मिसळलेत. इथे एकाने दुसऱ्याच्या पायावर पाय दिलाय. शेवटी जाहिरात ‘पाडव्याला घडणावळीत सूट’ अशी गेली. त्या मुलीने मला माफ केलेलं नाही.

एखादा नवा शब्द टिकेल का, असं विचारतात तेव्हा मी डेस्कवरची एक जुनी कसोटी लावतो. ‘ला’ आणि ‘मध्ये’ यांवर विश्वास ठेवायचा नाही, ते कुणाच्याही पाठीला चिकटतात. बघायचं ते सामान्यरूप. टेबलाचं ‘टेबलावर’ होतं, हॉटेलाचं ‘हॉटेलात’, बँकेचं ‘बँकेत’, फायलीचं ‘फायलीत’. शब्द आतून वाकला. अनेकवचनात बँका, कंपन्या, पार्ट्या. लिंगही ठरतं आणि कुणी ठरवायला बसत नाही. लोकल ती, मेट्रो ती, मोनोही तीच, कारण सगळ्या शेवटी गाड्या. बसला मात्र इतक्या वर्षांत आमच्याकडे ‘बशीत’ बसायला जागा मिळाली नाही, तिथे आधीच चहा आहे. माझी बहीण इन्स्टाग्रामवर तासन्‌तास ‘रिळं’ बघते. दोऱ्याचं रीळ, मग सिनेमाचं रीळ, आता फोनमधलं. तो शब्द दाराबाहेर थांबलाच नाही, त्याच्याकडे किल्ली होती.

आता तुमचे शब्द. ‘वेबिनार’ तुम्ही विचारला नाहीत, पण ‘वेबिनारात डुलकी लागली’ असं मी स्वतः म्हणालोय, तो राहणार. ‘वर्केशनात’ म्हणून बघा. जीभ अडते. ‘हँग्री’ विशेषण, ते वाकतच नाही, ‘हँग्र्या मुली’ होत नाहीत. नातीवर रागावू नका. भुकेने होणाऱ्या चिडचिडीला मराठीत एकच शब्द नाही, तिला तो सापडलाय. माझी आई माझ्याबद्दल ‘पोटात कावळे ओरडले की हा माणसांवर ओरडतो’ म्हणायची. जास्त चांगलं होतं, पण चॅटवर टाइप करायला लांब.

‘वर्केशन’वर मात्र माझा राग आहे आणि तो भाषेचा नाही. एका प्रवासाच्या अ‍ॅपसाठी या शब्दाचं मराठी करून द्यायचं होतं. मी प्रामाणिकपणे लिहिलं, ‘सुट्टीतही काम’. परत आलं, टोन निगेटिव्ह आहे म्हणून. मग लिहिलं, ‘कामासकट सुट्टी’. तेही परत आलं. शेवटी देवनागरीत ‘वर्केशन’च ठेवलं. यातच सगळं आलं. मराठी केल्यावर जे लपवायचं असतं ते उघडं पडतं, म्हणून शब्द मुद्दाम न उलगडणारा ठेवतात. तुमचा मुलगा अलिबागला समुद्राकडे पाठ करून लॅपटॉपसमोर बसलाय, एवढाच त्याचा अर्थ. असल्या शब्दांवर चिडायला वयाची अट नाही.

भाषा बिघडतेय का, या प्रश्नावर माझी नजर या नामांवर नसते. नामं येतात आणि जातात. मी डेस्कवर आलो तेव्हाच्या कितीतरी फॅशनेबल शब्दांचा आज मागमूस नाही. मला काळजी क्रियापदांची वाटते. परवा एक रेसिपीचा व्हिडिओ मराठी उपशीर्षकांसाठी आला. बाई मराठी, रेसिपी भरल्या वांग्याची. ‘ओनियन चॉप करून घ्या, कोकोनट ग्रेट करून घ्या, पीनट्स क्रश करून घ्या, सगळं मिक्स करून घ्या.’ चार वेगळी कामं आणि क्रियापद एकच, ‘करून घ्या’. मी उपशीर्षकांत लिहिलं, कांदा चिरा, खोबरं किसा, दाणे कुटा, सगळं कालवा. लिहिताना जाणवलं की या प्रत्येक क्रियापदात हाताची हालचाल वेगळी आहे. चिरणं विळीवर, खोवणं खोवणीवर, वाटणं पाट्यावर, कुटणं खलबत्त्यात, भरडणं जात्यावर. यातली निम्मी अवजारं मुंबईच्या ओट्यावरून केव्हाच उठली, मिक्सरने सगळ्यांची कामं घेतली, मग क्रियापदं तरी कुठे राहणार? आज मुंबईत कांदाही ‘कापतात’, केसही कापतात आणि केकही कापतात.

तसंच ‘मी त्याला बोललो’ आणि ‘माझी मदत कर’. ‘म्हणालो’ आणि ‘मला मदत कर’ हे मुंबईच्या बोलण्यातून जवळजवळ गेलंय. त्यात एकही परका शब्द नाही, त्यामुळे कुणाला तिडीक जात नाही. वाक्य दिसायला मराठी आणि हाडं हिंदीची. मी स्वतः एकदा फोनवर ‘मी त्यांना बोललो’ म्हणालो आणि पलीकडे माझे जुने मुख्य उपसंपादक होते. त्यांनी फक्त ‘काय झालं तुला?’ एवढंच विचारलं.

आता नोटीस. बॅनरवर ‘स्वच्छथॉन’ राहू द्या. मुलांनी ठरवलंय, टीशर्टही छापून झाले असतील. नोटिशीत मात्र काय, कधी, कुठे आणि काय आणायचं एवढंच लिहा. मसुदा देतो :

‘येत्या रविवारी सकाळी ७ वाजता ए विंगच्या जिन्यापासून मागच्या गेटपर्यंत सर्वांनी मिळून झाडून काढायचं आहे. झाडू आपापला आणावा. ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवावा. चहा कमिटीकडून.’

कमिटीच्या लोकांनी नाव घालायचा आग्रह धरला तर वर एका ओळीत घाला, मोठ्या टायपात घातलंत तरी चालेल. त्या ओळीवर कुणी थांबत नाही, सगळे चहाच्या ओळीकडे जातात. नोटीस लावल्यावर लिफ्टजवळ जरा उभे राहा आणि वॉचमन, दूधवाला, कामाला येणाऱ्या मावशी एकमेकांना हे कुठल्या शब्दात सांगतात ते ऐका. मला कळवा. माझी पैज ‘सफाई’वर आहे, आणि तोही शब्द फारसीकडूनच आलाय.